दोघींची एक प्रार्थना

(ख्रिस्ती ऐक्यासाठीच्या प्रार्थना सप्ताहात, जानेवारी महिन्यात झालेल्या संयुक्त उपासनेत, जव्हार-मोखाडा भागातील आपल्या कार्यकर्त्या भगिनीने केलेले हे भाषण. त्यांच्या परवानगीने छापत आहोत. – संपादक)



पाळकसाहेबांनी मला फोन करून सांगितले, “ताई, यंदा ऐक्यावर तुम्ही बोला.” मी म्हटले, “ऐक्यावर बोलण्याएवढा माझा अभ्यास नाही. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केला आहे खरा, पण गेली अनेक वर्षे माझी शाळा पाड्यांवरच भरते.” तेव्हा ते म्हणाले, “मग तुमच्या त्या सिस्टरविषयी बोला. तुम्ही दोघी मिळून प्रार्थना करता ना?”

म्हणून मी आज तेवढेच सांगणार आहे. निघण्यापूर्वी मी सिस्टरची परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, “माझं नाव नको. बाकी सगळं सांगा. आणि ताई, तुमची चूकही सांगा, म्हणजे लोकांना उपयोग होईल.” त्यामुळे माझ्यावर जबाबदारी आहे. चूकही सांगणार आहे.

एका गावात दोन देवळे

माझे आजोळ नगर जिल्ह्यातले. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे. तिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले. पुढे त्याच शतकात अँग्लिकन मिशनरी आले, जेझुइट फादरही आले. परिणाम असा झाला, की कित्येक लहानशा गावांत ख्रिस्ती घरे पन्नास आणि देवळे दोन. एक ‘अमेरिकन’, एक ‘रोमन’. आमच्या आजोळीही असेच होते. मधे एक ओढा. ओढ्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते.

माझ्या आजीची सख्खी धाकटी बहीण पलीकडच्या घरात दिली. लग्न रोमन देवळात लागले. आजी लग्नाला गेली, पण देवळात तिने पाऊल टाकले नाही. बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहिली. त्या काळी तसेच होते. आपल्याकडे रोमन देवळात गेलेल्या माणसाला मंडळीत जाब द्यावा लागे. त्यांच्याकडेही दुसऱ्यांच्या उपासनेत भाग घ्यायला कायद्यानेच मनाई होती. 1917 च्या त्यांच्या धर्मसंहितेत तसे कलमच होते.

म्हातारपणी आजी मला सांगायची, “आत बहिणीसाठी प्रार्थना चालली होती, आणि बाहेर मीपण बहिणीसाठीच प्रार्थना करीत होते. मधे भिंत होती.” हे सांगताना ती हसायची. तेव्हा मीही हसायचे. आज मला त्याचे हसू येत नाही. माझी आजी भांडखोर नव्हती, चांगली बाई होती. चांगल्या माणसांनाही आपण बाहेर बसायला शिकवतो.

पुढे मी ईश्वरविज्ञान शिकले. धर्मसुधारणेचा इतिहास शिकले, मार्टिन ल्यूथर शिकले, कोणत्या मुद्द्यावर कोणाचे काय म्हणणे, ते पाठ केले. परीक्षेत गुणही चांगले मिळाले. पण ‘रोमन’ माणसाशेजारी गुडघे टेकून प्रार्थना करावी, असा प्रसंग माझ्यावर तोवर आला नव्हता.

सिस्टर

जव्हार-मोखाड्याकडे आले तेव्हा मी तिशीत होते. वारली, कातकरी, कोकणा, महादेव कोळी आणि ठाकूर समाजाचे हे पाडे. नागली, वरई आणि भात पिकते, पण वर्षभर पुरत नाही. दिवाळी झाली की घरेच्या घरे कुलूप लावून वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे 1992 चे बालमृत्यू तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या. अंगणवाड्या वाढल्या, रस्ते झाले. पण भट्टीवरून आलेले लेकरू आजही आपण आधी दंडाला पट्टी लावून मोजतो. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, तर ते तीव्र कुपोषित. ही पट्टी कशी लावायची, हे मला सिस्टरने शिकवले.

सिस्टर वसईच्या. त्यांच्या वाडवडिलांनी पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकात, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे आमच्या नगरच्या मंडळींपेक्षा त्या घराचा विश्वास तीनशे वर्षांनी वडील. त्या नर्स आहेत. त्यांचा दवाखाना आणि आपले पोषण-केंद्र यांच्यात चालत वीस मिनिटांचे अंतर. त्यांच्याकडे औषध होते आणि आपल्याकडे जीप, म्हणून आम्ही एकत्र आलो. खरे कारण तेवढेच होते. आत्मिक वगैरे काही नव्हते.

दोन वर्षे आम्ही एका जीपमधून फिरलो. निघताना त्या क्रुसाची खूण करायच्या, मी डोळे मिटून मनात बोलायचे. जेवणाआधी त्या पुटपुटायच्या, मी मनात उपकार मानायचे. एकमेकींचे डबे खायचो. त्यांच्या घरून आलेली सुकी मासळी मी कधी सोडली नाही. पण प्रार्थनेपुरती आम्हा दोघींत आजीची ती भिंत उभी होती. आम्ही ती कधी बोलून दाखवली नाही, एवढेच.

घाटातली रात्र

ऑगस्ट महिना होता. आवणी उरकली होती. एका पाड्यावरून निरोप आला, की लेकरू दूध घेत नाही, अंग गार पडले आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. चौदा महिन्यांची मुलगी, वजन पाच किलोच्या आसपास. सिस्टरने दंडाला पट्टी लावली आणि माझ्याकडे नुसते पाहिले. छातीत घरघर होती. तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी पहिले उपचार केले आणि सांगितले, नाशिकला न्या. त्या रात्री रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली होती. मग आपल्याच जीपने निघालो.

त्र्यंबकच्या अलीकडे घाटात झाड आडवे पडलेले. पुढे दोन ट्रक उभे. पाऊस असा, की काचेपलीकडे काही दिसेना. चालक कुऱ्हाड मागायला ट्रकवाल्यांकडे गेला. सिस्टरने लेकराला उघडे करून आईच्या छातीशी लावले, वरून माझी शाल आणि स्वतःचा स्वेटर गुंडाळला, आणि दर थोड्या वेळाने चमच्याने साखरपाणी द्यायला लागल्या. जे करता येण्यासारखे होते, ते झाले होते. आता वाट पाहायची.

सिस्टरने खिशातून रोझरी काढली आणि ओठ हलवू लागल्या. मी पुढच्या सीटवर डोळे मिटले. असा किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मग मागून त्या आईचा आवाज आला. बावीस-तेवीस वर्षांची पोर ती. ती म्हणाली, “बाय, तुम्ही दोघी देवाशी बोलता ना?” मी म्हटले, “हो.” ती म्हणाली, “मग अशा येगळ्या का बोलता? तुमचा देव एक नाही का?”

बंधूंनो आणि भगिनींनो, माझ्या परीक्षेत हा प्रश्न कधी आला नव्हता. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरेच काळजी वाटत होती. तिच्या पाड्यावर कोणी आजारी पडले की सगळे एकत्र बसतात. तिला वाटले, या दोघींचे भांडण असेल, तर माझ्या लेकराचे सांगणे देवापर्यंत नीट पोहोचेल का?

मी पुढून उतरले आणि भिजत मागे जाऊन बसले. सिस्टरने रोझरी बाजूला ठेवली. काय म्हणायचे, ते दोघींनाही कळेना. रोझरी मला म्हणता येत नव्हती, आणि माझ्यासारखी मोठ्याने, मनाने शब्द जुळवून केलेली प्रार्थना त्यांच्या सवयीची नव्हती. शेवटी प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू केली. ती दोघींना येत होती. शब्दांत इकडेतिकडे थोडा फरक होता, पण चालले. आणि शेवटी काय झाले? वाइटापासून सोडव, इथे सिस्टर थांबल्या. मी पुढे गेले. राज्य आणि वैभव देवाचे आहे, असे सांगणारे जे शेवटचे वाक्य आपण म्हणतो, ते मी एकटीनेच म्हटले, माझ्याच आवाजाला दचकत.

त्या आईने विचारले, “संपली का?” सिस्टर म्हणाल्या, “माझी संपली, ताईंची थोडी लांब आहे.” त्या तशा वेळीही आम्हाला हसू आले. ती आईही हसली.

तासाभराने रस्ता मोकळा झाला. मुलगी नाशिकला तीन आठवडे दाखल होती. ती वाचली. आज ती आश्रमशाळेत जाते.

पण मला इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही चुकीचा अर्थ घ्याल. त्याच पावसाळ्यात दुसऱ्या पाड्यावरचे एक बाळ आमच्या हातून गेले. त्या बाळासाठीही आम्ही दोघींनी तितक्याच मनापासून, तितकीच एकत्र प्रार्थना केली होती. तेव्हा दोन मंडळ्यांच्या माणसांनी मिळून प्रार्थना केली की देव लवकर ऐकतो, असे मी म्हणत नाही. ते खरे नाही. मात्र त्या दुसऱ्या रात्री, बाळाला मातीत ठेवून परत येताना, मी एकटी नव्हते. त्या बाळाची आईही एकटी नव्हती. तिच्याजवळ आम्ही दोघी होतो, आणि दोघी एकीकडे होतो.

त्या शेवटच्या वाक्याचे काय?

मला ते वाक्य टोचत राहिले. मनात म्हटले, या लोकांनी प्रभूच्या प्रार्थनेतले वाक्य गाळले कसे? घरी येऊन माझी जुनी पुस्तके काढली. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते वाक्य नाही. लूकने दिलेल्या प्रार्थनेतही नाही. पण ‘डिडाखे’ नावाचे फार प्राचीन ख्रिस्ती पुस्तक आहे, त्यात प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी अशाच प्रकारची स्तुती आहे. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांनी प्रार्थना म्हणता म्हणता देवाची स्तुती जोडली, आणि पुढे ती आपल्या बायबलातही आली.

नंतर कधीतरी मी सिस्टरबरोबर त्यांच्या मिस्सेला जाऊन मागे बसले. तेव्हा कळले, की तेही ते वाक्य म्हणतात! प्रभूची प्रार्थना झाली की फादर मधे एक छोटी विनंती करतात आणि मग सगळे लोक मिळून ती स्तुती म्हणतात. त्यांनी गाळले नव्हते. त्यांची जागा वेगळी होती. आणि मी इतकी वर्षे, न पाहता, न विचारता, मनात त्यांच्यावर दोष ठेवला होता.

आता आम्ही काय करतो? सिस्टर थांबतात, मीही थांबते. एक श्वास जातो. मग ते वाक्य दोघी मिळून म्हणतो. आमच्या प्रार्थनेत ती एका श्वासाची जागा आम्ही मुद्दाम ठेवली आहे.

माझी चूक

त्या पावसाळ्यानंतर आम्ही दर सोमवारी सकाळी, काम सुरू होण्यापूर्वी, पंधरा मिनिटे एकत्र बसायचे ठरवले. एक सोमवार त्यांच्या दवाखान्यात, एक आपल्या केंद्रात. एका वेळी त्यांनी त्यांच्या पद्धतीने चालवायचे, एका वेळी मी माझ्या. दोन-तीन महिने फार चांगले गेले.

मग एका सोमवारी माझी पाळी होती. आदल्याच आठवड्यात आमच्यात मरीयेवरून बोलणे झाले होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, “आम्ही तिची पूजा करत नाही हो, तिला आमच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. तुम्ही मला सांगता ना, सिस्टर, माझ्या भावासाठी प्रार्थना करा म्हणून? तसेच.” मला त्यावर उत्तर द्यायचे होते, ते राहून गेले होते. म्हणून मी काय केले? सोमवारच्या प्रार्थनेत ते उत्तर दिले. डोळे मिटून, आवाज गंभीर करून, देव आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ एकच आहे, याबद्दल मी देवाचे लांबलचक उपकार मानले. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला आधारही त्यात घातला. आमेन म्हटले. मनात बरे वाटले.

सिस्टर उठल्या आणि कामाला लागल्या. पुढचे तीन सोमवार त्यांनी काही ना काही कारण सांगितले. चौथ्या सोमवारी मी दवाखान्यात गेले आणि विचारले, “काय झालं?” त्या गोळ्यांच्या पुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ताई, त्या दिवशी तुम्ही देवाशी बोलत होता, की मला ऐकवत होता?”

मी म्हटले, “मी बोलले ते शास्त्राला धरून होते.” त्या म्हणाल्या, “असेल. मला वाद घालायचा असेल तर चहा पिताना घालू. पण मी डोळे मिटून, हात जोडून बसले होते. तशा माणसाला मारू नये.”

मी घरी आले. दोन दिवस रागात होते. तिसऱ्या दिवशी, पुढच्या रविवारच्या वर्गासाठी लूकचा अठरावा अध्याय काढला. परूशी आणि जकातदार. हा दाखला मी वीस वेळा शिकवला असेल. त्या दिवशी मला त्यात एक गोष्ट दिसली. परूश्याच्या प्रार्थनेत शेजारी उभा असलेला माणूस आहे. तो त्याला विसरलेला नाही, त्याचा उल्लेख करतो. पण तक्रार म्हणून करतो, तुलना म्हणून करतो. देवाकडे तोंड करून तो शेजाऱ्याला मारतो. आणि त्याचे एकही वाक्य खोटे नाही! तो उपास करतो हे खरे, दशांश देतो हे खरे. माझेही वाक्य खोटे नव्हते. मध्यस्थ एकच आहे, हे मी आजही मानते आणि उद्याही मानीन. पण खरे वाक्य मी काठीसारखे वापरले.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. मी शनिवारी संध्याकाळी चालत दवाखान्यात गेले आणि माफी मागितली. सिस्टरने चहा ठेवला. मग खरेच, चहा पिता पिता दीड तास मरीयेवर वाद घातला. दोघींचेही मत बदलले नाही. सोमवारी पुन्हा प्रार्थनेला बसलो.

त्या दिवशी आम्ही तीन नियम केले. ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाची अशी मैत्री असेल तर उपयोगी पडतील.

पहिला नियम: प्रार्थनेत वाद घालायचा नाही. वाद जरूर घालायचा, पण डोळे उघडे ठेवून, एकमेकींकडे पाहून.

दुसरा: जे दुसरीला मनापासून म्हणता येत नाही, ते तिच्या तोंडी घालायचे नाही. सिस्टर ‘नमो मरिया’ म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. त्या गप्प बसण्यात राग नसतो. त्या वेळी मी त्यांच्यासाठी देवाजवळ विनंती करते. आणि माझी प्रार्थना लांबली की त्याही गप्प बसून ऐकतात. त्या म्हणतात, त्यांचे गप्प बसणे जास्त कठीण आहे, कारण माझी प्रार्थना मासिक अहवालासारखी असते.

तिसरा: दर वेळी नावे घ्यायची. ‘सर्व आदिवासी बांधवांना आशीर्वाद दे’ असे मोघम नाही. या आठवड्यात कोणत्या पाड्यावरची कोणती गरोदर बाई, कोणते लेकरू, कोणाचा नवरा भट्टीवर अडकला, आगाऊ उचल घेतल्यामुळे कोणाला परत येता येत नाही. नावे घेतली की आपण प्रोटेस्टंट आणि कॅथॉलिक आहोत, हे आठवायला सवड राहत नाही. आणि नाव घेतले की त्या माणसाकडे जावे लागते. सोमवारी ज्याचे नाव घेतले, त्याच्या दारी मंगळवारी गेलो नाही, तर पुढच्या सोमवारी देवाला तोंड कसे दाखवणार?

जे अजून एक नाही

मी सगळे गोड गोड सांगते आहे, असे वाटायला नको. सिस्टरच्या व्रतांना पंचवीस वर्षे झाली, तेव्हा मी वसईला गेले होते. देऊळ फुलांनी भरलेले. त्यांच्या आईने मला घरच्या माणसांच्या बाकावर बसवले. मिस्सा झाली, ख्रिस्तशरीर घ्यायची वेळ आली. सगळे बाक रिकामे होऊन रांगेत उभे राहिले. मी एकटी बसून राहिले. त्यांच्या मंडळीचा नियम मला माहीत आहे आणि मी तो मोडला नाही. पण मला आजीचा लिंब आठवला. फरक इतकाच, की मी आता भिंतीच्या आत होते.

मिस्सेनंतर सिस्टर आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, “मला तिथून तुम्ही दिसत होता.” पुढे काही बोलल्या नाहीत. आमच्या प्रभुभोजनाला त्या येतात, तेव्हा त्याही तशाच बसून राहतात, आणि मलाही त्या दिसतात. हे दुखते. ते दुखू नये म्हणून आपण काहीतरी खोटे करावे, असे मला वाटत नाही. पण दुखणे बंद झाले, तर मात्र मला भीती वाटेल.

आणि तरी देवाने आपल्या काळात किती केले आहे, तेही पाहा. हा जो सप्ताह आपण पाळतो, 18 ते 25 जानेवारी, तो 1908 साली अमेरिकेत सुरू झाला. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याविषयीचा आदेश काढला आणि कॅथॉलिकांनी इतर ख्रिस्ती बांधवांबरोबर ऐक्यासाठी प्रार्थना करणे इष्ट आहे, असे सांगितले. ज्या गोष्टीला माझ्या आजीच्या लग्नघरात मनाई होती, तीच इष्ट ठरली. 1970 मध्ये 29 नोव्हेंबरला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी, म्हणजे सी.एन.आय., झाली. नगरचे ‘अमेरिकन’ आणि अँग्लिकन त्या दिवशी एका मंडळीचे झाले. 1999 मध्ये लुथरन आणि कॅथॉलिक मंडळ्यांनी, विश्वासाने नीतिमान ठरणे या मुद्द्यावर, म्हणजे ज्यावरून मूळ भांडण झाले त्याच मुद्द्यावर, एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आणि आपल्या मराठीत? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेले ‘सुबोध बायबल’ आज माझ्या टेबलावर आहे. सिस्टरने नगरच्या एका सोबतिणीकडून रेव्हरंड टिळकांची भजने शिकून घेतली आहेत, आणि खरे सांगू, त्या माझ्यापेक्षा चांगल्या गातात.

गेल्या वर्षी माझे वडील प्रभूकडे गेले. सिस्टर रात्रभर प्रवास करून नगरला आल्या. कबरस्तानात आमच्या पाळकांनी स्वतः होऊन त्यांना स्तोत्र वाचायला सांगितले. आमच्या नात्यातल्या दोघांनी नाक मुरडले. पण प्रार्थनेच्या शेवटी, त्या एका श्वासाच्या जागी, मी थांबले, आणि माझ्या मागे उभी असलेली माझी वयस्कर मावशी, त्याच पलीकडच्या घरात दिलेल्या आजीची लेक, तीही थांबली. मग आम्ही सगळ्यांनी शेवटचे वाक्य मिळून म्हटले.

तुमच्याकडे मागणे

तुम्ही आमच्या कामाचा आधार आहात. तुमच्या मूठभर तांदळाच्या डब्यातून, कापणीच्या सणातल्या अर्पणातून पोषण-केंद्र चालते. म्हणून तुमच्याजवळ मोकळेपणाने बोलते.

एकदा आमच्या एका पाड्यावर पाण्याची टाकी बांधायची होती. पैसे दोन मंडळ्यांकडून येणार होते. फलकावर कोणाचे नाव वर लिहायचे, यावरून पत्रापत्री सुरू झाली आणि ती टाकी एक उन्हाळा लांबली. त्या उन्हाळ्यात बायका दोन किलोमीटरवरून हंडे वाहत होत्या. त्या मंडळ्यांची नावे मी घेणार नाही. त्यांत आपलीही माणसे होती, इतके सांगते. पाड्यावरची माणसे आमच्याकडे भाकरी, औषध आणि माणुसकी मागतात. त्या मदतीला आम्ही कसली अट लावत नाही, आमिष लावत नाही, आणि लावूही नये. पण ती माणसे आमच्याकडे बघत असतात. ‘तुमचा देव एक नाही का?’ हा प्रश्न घाटात मोठ्याने विचारला गेला. बाकी ठिकाणी तो मनात विचारला जातो.

योहानाच्या सतराव्या अध्यायात, पकडले जाण्याच्या आदल्या घटकांत, प्रभू येशू आपल्यासाठी प्रार्थना करतो. त्या रात्री त्याच्यापुढे वधस्तंभ होता, तरी त्याने आपण सर्वांनी एक व्हावे हे मागितले, जगाने पाहून विश्वास ठेवावा म्हणून. त्याची ती प्रार्थना अजून पुरी व्हायची आहे. ती पुरी करणे माझ्या-तुमच्या हातात नाही. पण ती सुरू असताना निदान बाहेर झाडाखाली बसू नये, एवढे आपल्या हातात आहे.

म्हणून माझे एकच मागणे. तुमच्या गल्लीत, तुमच्या कामावर, तुमच्या सोयरिकीत दुसऱ्या मंडळीचे कोणीतरी आहे. या सप्ताहात त्यांच्या घरी जा. आधी चहा घ्या. मग विचारा, “आपण एकत्र प्रार्थना करू या का?” काय म्हणावे सुचले नाही, तर प्रभूची प्रार्थना म्हणा. तिचा पहिला शब्दच ‘आमच्या’च्या घरातला आहे, ‘माझ्या’ बापा, असे म्हणायला त्याने आपल्याला शिकवले नाही. आणि त्या प्रार्थनेत आमच्या पाड्यांवरच्या लेकरांसाठी एक विनंती करा. आवणी झाली की ऑगस्टमध्ये आमच्याकडे फार कठीण दिवस येतात, तेव्हाही आठवण ठेवा.

आता आपण उभे राहू. आज इथे सी.एन.आय.चे लोक आहेत, मेथडिस्ट आहेत, कॅथॉलिक आहेत, आणखीही असतील. प्रभूची प्रार्थना मिळून म्हणू. वाइटापासून सोडवण्याची विनंती झाली की सगळे थांबू. एक श्वास घेऊ. त्या श्वासात आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव देवाजवळ घेऊ. आणि मग शेवटचे वाक्य सगळे मिळून म्हणू.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.